ईएमटीच्या पेपरात चारही पर्याय बरोबर वाटतात तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मराठी माध्यमातून बारावी सायन्स करून ईएमटी-बेसिकच्या (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे अॅम्ब्युलन्सवर तातडीचे उपचार करणारा) कोर्सला प्रवेश घेतला. दोन युनिट टेस्ट झाल्या, दोन्हींत काठावर नापास. पुस्तक दोनदा वाचून झालं, हायलायटरने पानं पिवळी झाली, तरी पेपरात चारही पर्याय बरोबरच वाटतात. प्रॅक्टिकलला एकट्याने सगळं येतं, पण परीक्षक समोर उभे राहिले की क्रम विसरतो. त्यात आठवड्यातले काही दिवस हॉस्पिटलची नाइट. अभ्यास करायचा तरी कसा?

मी बरीच वर्षं अॅम्ब्युलन्सवर आणि कॅज्युअल्टीत काम केलं, आता याच कोर्सच्या मुलामुलींना शिकवते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

चारही पर्याय बरोबर वाटतात, कारण बऱ्याचदा ते बरोबरच असतात. शाळेतल्या पेपरात एक पर्याय खरा आणि तीन खोटे असायचे. इथे चारही गोष्टी त्या रुग्णासाठी करायच्याच असतात आणि प्रश्न फक्त आधी कोणती एवढाच असतो. उदाहरण बघा. मोटारसायकल घसरून पडलेला तिशीतला माणूस, हाकेला ओ देत नाही, श्वासाला घोरल्यासारखा आवाज आहे, उजव्या मांडीच्या जखमेतून रक्त पाझरतंय. सर्वांत आधी काय कराल? मांडीवर दाब देऊन बँडेज, जॉ थ्रस्ट, नॉन-रिब्रीदर मास्कने ऑक्सिजन की सर्व्हायकल कॉलर (मानेचा पट्टा)? उत्तर जॉ थ्रस्ट. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडून श्वासमार्ग अडतोय, आणि मानेला मार असू शकतो म्हणून डोकं मागे न झुकवता फक्त जबडा पुढे आणायचा. आता याच प्रश्नात ‘पाझरतंय’च्या जागी ‘उसळ्या मारत वाहतंय’ लिहा. उत्तर बदललं: आधी रक्त थांबवा. कारण तसा रक्तस्राव माणसाला श्वासमार्ग अडण्याच्याही आधी संपवू शकतो. आणि शेवटी ‘शेजारी उलटलेल्या टँकरमधून काहीतरी गळतंय’ असं एक वाक्य जोडलं, तर या चारांपैकी एकही उत्तर पहिलं राहत नाही, आधी जागा सुरक्षित आहे का ते बघायचं.

म्हणून अभ्यासाची सुरुवात पहिल्या धड्यापासून करू नका. रुग्ण-तपासणीच्या क्रमापासून करा. जागा सुरक्षित आहे का, हातात ग्लव्हज आहेत का, रुग्ण किती, जास्तीची मदत हवी का. मग रुग्णाकडे: पहिली छाप, शुद्ध आहे का, जिवावर बेतणारा रक्तस्राव आहे का, श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण. मग निर्णय, म्हणजे इथे थांबून काम करायचं की उचलून निघायचं. त्यानंतर सॅम्पल हिस्टरी (लक्षणं, अॅलर्जी, औषधं, जुने आजार, शेवटचं खाणं, काय घडलं), व्हायटल्स (नाडी, श्वास, रक्तदाब), डोक्यापासून पायापर्यंत तपासणी, आणि वाटेत पुन्हा तपासणी. हा क्रम पाढ्यांसारखा तोंडावर हवा, झोपेतून उठवून विचारलं तरी. एकच मोठा अपवाद लक्षात ठेवा: नाडी नाही, श्वास नाही, अशा माणसाला आधी छातीवर दाब, बाकी सगळं नंतर. पुढचा प्रत्येक धडा, दमा असो, भाजणं असो की बाळंतपण, याच क्रमावर अडकवत जायचा. दम्याचा धडा वाचताना ‘दमा म्हणजे काय’ यावर दोन मिनिटं पुरेत, ‘दम्याच्या रुग्णात श्वास या पायरीला मला काय दिसेल आणि मी काय करेन’ यावर अर्धा तास घालवा.

आता नापास झालेले ते दोन पेपर काढा. चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे तीनपैकी एक खूण करा: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण क्रम चुकला, प्रश्नच नीट वाचला नाही. मुलांना वाटतं पहिली खूण सगळ्यात जास्त येईल. माझ्या वर्गात तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेचेच ढीग असतात. ज्याचा दोष क्रमात आहे त्याने पुस्तक तिसऱ्यांदा वाचून काहीच होत नाही. पेपर परत मिळत नसतील तर सरांना भेटून दहा मिनिटं बघायला मागा, बहुतेक जण देतात.

वाचण्याबद्दल. पुन्हा पुन्हा वाचलं की पान ओळखीचं होतं आणि आपल्याला ते येतंय असं वाटू लागतं. पण ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्ट पुढे गेले. तुमची टेस्ट पाच मिनिटांनी नसते.

म्हणून हायलायटर बाजूला ठेवा. वर्ग संपला की त्याच संध्याकाळी कोरा कागद घ्यायचा, पुस्तक बंद, आणि आज जे झालं ते आठवून लिहायचं. मराठीत लिहा, मोडकं लिहा, चित्र काढा, चालेल. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरायचं. दुसऱ्या दिवशी फक्त लाल शाईतलं पुन्हा आठवायचं, तीन-चार दिवसांनी परत, आठवड्याने परत. नाइट असलेल्या दिवशी याला पंधरा मिनिटंही पुरतात. नाइट करून घरी आल्यावर मात्र अभ्यासाला बसू नका, झोपा. डोळे ताणून वाचलेल्या दोन तासांतलं जवळजवळ काहीच उरत नाही.

आकड्यांना पर्याय नाही, ते पाठच करावे लागतात, पण सुटे करू नका. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २०, नाडी ६० ते १००. तान्ह्या बाळाचा श्वास ३० ते ६०. एक ते दहा वर्षांच्या मुलाचा वरचा रक्तदाब किमान किती हवा, तर ७० अधिक वयाची दुप्पट, म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला ८२. हे सूत्र सगळे पाठ करतात आणि त्यामागची गोष्ट सोडतात. मूल रक्त गमावत असताना नाडी वाढवून, हातपायांच्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब बराच वेळ टिकवून धरतं आणि मग एकदम कोसळतं. त्यामुळे ‘मुलाचा रक्तदाब ठीक आहे, नाडी १५०, हातपाय गार, कॅपिलरी रिफिल (नख दाबून सोडल्यावर रंग परतायला लागणारा वेळ) ४ सेकंद’ असा प्रश्न आला तर तो शॉकचाच (अवयवांना रक्त अपुरं पडण्याचा) आहे, रक्तदाब काहीही असो. बाळाची नाडी ६० च्या खाली, ऑक्सिजन आणि श्वास देऊनही रंग सुधारत नाही, तर नाडी लागत असली तरी छातीवर दाब सुरू करायचा. हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी निम्मा वर्ग ‘नाडी आहे, मग सीपीआर कशाला’ म्हणून चुकतो.

ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्ध मोजायची पट्टी, ३ ते १५, शून्य कधीच नाही. डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६. भाजल्याचा नऊचा नियम, म्हणजे अंगाचा किती टक्के भाग भाजला ते मोजणं: मोठ्या माणसाला डोकं ९, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, पुढचं धड १८, पाठ १८, जननेंद्रियांचा भाग १. बाळाचं डोकं मोठं म्हणून तिथे डोक्याला १८ आणि पाय कमी. या दोन गोष्टींवर रोज एकमेकांना तोंडी एकेक उदाहरण घाला, चहाच्या टपरीवर घातलं तरी चालेल.

सगळ्यात जास्त गुण जातात ते सारख्या दिसणाऱ्या दोन आजारांच्या फरकात. म्हणून धड्यांऐवजी जोड्या लावून अभ्यास करा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्यात: कीटकनाशक की अफूच्या वर्गातलं औषध? कीटकनाशकात माणूस सगळीकडून ओला असतो. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, जुलाब, छातीत घरघर. अफूवर्गात तो कोरडा असतो आणि श्वास मंदावत जातो. आपल्याकडे पहिल्याचं महत्त्व जास्त. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, त्यानंतर हा विषय कुठल्याही शिक्षकाने हलक्यात घेतलेला मी पाहिला नाही. इथेही ‘आधी काय’ विचारतात: आधी स्वतःचे ग्लव्हज, मग रुग्णाचे भिजलेले कपडे उतरवणं आणि अंग धुणं, सक्शन (तोंडातली लाळ यंत्राने ओढून काढणं). कपडे तसेच ठेवून रुग्ण गाडीत घेतला तर थोड्या वेळात गाडीतल्या सगळ्यांना त्रास सुरू होतो.

सर्पदंशाचंही तसंच. इंग्रजी पुस्तकात रॅटलस्नेकवर पानं असतात, आपल्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं पुरेत. नाग आणि मण्यार नसांवर जातात: पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास थकतो. घोणस आणि फुरसं रक्तावर: हिरड्यांतून, लघवीतून, जखमेतून रक्त थांबत नाही. मण्यारचा प्रश्न बहुधा असा येतो की रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटात दुखतंय, डोळे उघडत नाहीत, चावल्याची खूण धड दिसत नाही, सूज नाही. सूज नाही म्हणून साप नाही, असं लिहिलंत की गेलात. प्रथमोपचारात अवयव स्प्लिंटने स्थिर करणं, अंगठ्या-बांगड्या-जोडवी काढणं, रुग्णाला चालू न देणं आणि प्रतिविष असलेलं हॉस्पिटल गाठणं. कापणं, चोखणं, आवळून बांधणं नाही. नातेवाइकांनी आधीच दोरी आवळून बांधली असेल तर? ती रस्त्यात खसकन सोडायची नाही, हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवायची. हा उपप्रश्न मी स्वतः नेहमी घालते.

औषधांत ईएमटी-बेसिकला मोजकीच असतात. प्रत्येकाचं एक छोटं कार्ड करा आणि ‘कधी द्यायचं नाही’ हा रकाना सर्वांत मोठा ठेवा, कारण प्रश्न तिथूनच येतात. जिभेखालची नायट्रेटची गोळी: वरचा रक्तदाब १०० च्या खाली असेल तर नाही, सिल्डेनाफिलसारखी (लैंगिक दुर्बलतेवरची) गोळी गेल्या एक-दोन दिवसांत घेतली असेल तर नाही. तोंडातून ग्लुकोज: नीट गिळता येत नसेल तर नाही, साखर कितीही कमी असो.

नेटवरच्या प्रश्नसंचांबद्दल सावध करते. ते बहुतेक अमेरिकी आहेत. सरावाला छान, पण तिथला गाडा वेगळा. ऑक्सिजन सिलिंडरचंच बघा. अमेरिकी पुस्तकातलं डी सिलिंडर हातात धरून नेण्याएवढं, जेमतेम ४०० लिटरच्या आसपासचं. आपल्याकडे डी-टाइप म्हणजे जम्बो, सुमारे ७,००० लिटरचं. अॅम्ब्युलन्समध्ये हलवाहलवीला वापरतो ते बी-टाइप, सुमारे १,५०० लिटरचं. भरलेल्या बी-टाइपवर मिनिटाला १५ लिटर लावले तर १०० मिनिटं, काटा अर्ध्यावर असेल तर ५०, आणि त्यातूनही थोडं राखीव ठेवायचं. अमेरिकी सूत्रात आपला ‘डी’ घालून उत्तर काढलं तर ते हास्यास्पद येतं, पण पेपरात कुणी हसत नाही, शून्य देतात.

तसंच सिनिअरांकडून फिरत आलेल्या झेरॉक्स नोट्सचं. अमेरिकन हार्ट असोसिएशन सीपीआरची मार्गदर्शक तत्त्वं साधारण पाच वर्षांनी बदलते: २०१५, २०२०, २०२५. मोठ्यांमध्ये मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाबांना २ श्वास, हे तेच आहे. पण नाडी असून श्वास नसलेल्या मुलाला किती वेळाने श्वास द्यायचा, हे २०२० मध्ये ३ ते ५ सेकंदांवरून २ ते ३ सेकंदांवर आलं. घशात घास अडकलेल्या, शुद्धीतल्या मोठ्या माणसाला जुन्या नोट्समध्ये फक्त पोटावर दाब आहेत. २०२५ पासून आधी पाठीवर ५ थापा, मग पोटावर ५ दाब, असं आलटून पालटून. प्रत्येक अपघातग्रस्ताला कडक बोर्डवर बांधणं, शॉकमध्ये पाय वर-डोकं खाली करणं, सगळ्यांना सरसकट ऑक्सिजन लावणं, हेही मागे पडलंय. पेपरात काय लिहायचं? तुमच्या संस्थेने नेमलेल्या पुस्तकात आहे ते. पण दोन्ही जुळत नसतील तर टेस्टच्या आधी वर्गात हात वर करून विचारा, म्हणजे पेपर काढणाऱ्यालाही कळेल.

मराठी माध्यमाची भीती मला अर्धीच पटते. पेपर इंग्रजीत असेल तर आजारांच्या लांबलचक नावांआधी प्रश्नाची भाषा पक्की करा. फर्स्ट, नेक्स्ट, मोस्ट लाइकली, बेस्ट, एक्सेप्ट, नॉट: हे शब्द दिसले की पेन्सिलीने गोल करायचा. ‘एक्सेप्ट’ न दिसल्यामुळे गेलेले गुण मी मोजायचं सोडून दिलंय. हायपो-हायपर (कमी-जास्त), ब्रॅडी-टॅकी (मंद-जलद), हीम (रक्त), डिस (त्रासदायक) असे सुटे भाग तीसेक शिकलात की निम्मी नावं आपोआप उलगडतात. उलट इंग्रजी माध्यमाच्या मुलांना जे जड जातं ते तुमच्याकडे घरचं आहे. वॉर्डात आजी सांगते ‘घाबरं होतंय’, तेव्हा ती भीतीबद्दल बोलत नसते, हृदयविकार असेल, साखर उतरली असेल, धडधड असेल. ‘गॅस वर चढलाय’ म्हणणारा पन्नाशीतला घामाघूम माणूस छातीच्या दुखण्याच्याच रांगेत बसतो. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे लकवा: चेहरा, हात, बोलणं तपासा आणि रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ते वेळेसकट विचारा. तोंडी परीक्षेत परीक्षक अशाच भाषेत रुग्ण होतात.

आता प्रॅक्टिकल. परीक्षक बघितल्यावर क्रम विसरतो, कारण सराव गप्प राहून केलेला असतो. हातांनी करता येतं आणि तोंडाने सांगता येतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, परीक्षेत दोन्ही एकदम लागतात. घरी एकट्याने करतानाही मोठ्याने बोला: ‘जागा सुरक्षित आहे, ग्लव्हज घातलेत, एकच रुग्ण दिसतोय.’ घरचे हसतील, हसू द्या. धाकट्या भावाला किंवा आईला रुग्ण करा, ओढणीचं त्रिकोणी बँडेज होतं. पण खरा फायदा तिघांच्या गटात आहे: एक रुग्ण, एक ईएमटी, एक परीक्षक. परीक्षकाच्या हातात संस्थेची मार्किंग शीट आणि मोबाइलचं घड्याळ. आणि आळीपाळीने प्रत्येकाने परीक्षक व्हायचंच. दुसऱ्याने काय गाळलं ते खूण करत बसलं की शीट डोक्यात जाते, माझ्या अनुभवात दहा वेळा स्वतः करण्यापेक्षा जास्त. शीट मिळत नसेल तर मागून घ्या, ती गुपित नसते.

त्या शीटवर काही चुका थेट नापास करणाऱ्या असतात. ग्लव्हज न घालणं, जागेची सुरक्षितता न बोलणं, श्वासमार्ग बघायच्या आधी पायाचं हाड बांधायला जाणं, छातीवरचा दाब दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबवणं. ही यादी वेगळ्या कागदावर लिहून रोज सकाळी एकदा वाचा. बाकी सगळं थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं.

हॉस्पिटलच्या पाळीचाही अभ्यास करून घेता येतो. ड्यूटी सुरू होताना गाडीची किंवा ट्रॉलीची चेकलिस्ट भरावी लागतेच. प्रत्येक वस्तू हातात घेतली की स्वतःला तीन प्रश्न: कशासाठी, माप कसं, कुणाला नाही. ओरल एअरवे (श्वासमार्ग उघडा ठेवायला तोंडात घालायची नळी): ओठांच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, ओकारीची प्रतिक्रिया असेल त्याला नाही. नेझल एअरवे (तशीच नाकातली नळी): नाकपुडीपासून कानाच्या पाळीपर्यंत, चेहऱ्याला आणि कवटीच्या तळाला मार असेल तर नाही. सक्शन: मोठ्यांना एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही. महिनाभर हे केलं की उपकरणांच्या धड्याला वेगळा वेळ द्यावा लागत नाही.

ट्रायाजसाठी, म्हणजे खूप जखमींतून आधी कुणाला बघायचं ते रंगांनी ठरवायला, चिठ्ठ्या करा. वारीत किंवा जत्रेत चेंगराचेंगरी झाली असं धरून प्रत्येक चिठ्ठीवर एक रुग्ण: चालू शकतो का, श्वास किती, कॅपिलरी रिफिल किती, सांगितलेलं ऐकतो का. चालतो तो हिरवा. श्वासमार्ग उघडूनही श्वास नाही तो काळा. श्वास ३० च्या वर, रिफिल २ सेकंदांहून जास्त, किंवा सांगितलेलं करत नाही, यांपैकी काहीही असलं तर लाल. उरला तो पिवळा. एका चिठ्ठीला तीस सेकंदांपेक्षा जास्त नाही. ओरडणाऱ्याकडे आधी धावायची सवय या सरावानेच मोडते.

प्रॅक्टिकलच्या स्टेशनवर (एकेका कौशल्याच्या टेबलावर) मध्येच क्रम सुटला तर थिजून उभं राहू नका. ‘सर, श्वासमार्ग तपासायचा राहिला, आता तपासतो’ असं मोठ्याने म्हणून मागे जा. बहुतेक शीटवर उशिरा केलेल्याला थोडे तरी गुण मिळतात, गाळलेल्याला काहीच नाही. आणि शेवटची दोन मिनिटं जपा. स्टेशन संपत आलं की सुटलो या भावनेने मुलं पुन्हा तपासणी बोलायची विसरतात: अस्थिर रुग्ण दर ५ मिनिटांनी, स्थिर दर १५ मिनिटांनी. त्यानंतर हँडओव्हर, म्हणजे रुग्ण हॉस्पिटलच्या ताब्यात देताना सांगायचं ते: वय, काय झालं, काय सापडलं, काय केलं, आता कसा आहे. पाच वाक्यांत, परीक्षकाकडे बघून.